भाड्याचं घर आणि रात्रीचा रस्ता

(आमच्या गटाच्या मासिक बैठकीत एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी काही कार्यकर्ती नाही, दुकानात हिशेब लिहिणारी बाई. त्यावर उत्तर आलं, "पुण्यात एकटीने घर शोधलंस ना, तेही गाडी नसताना? मग तेच सांग." म्हणून तेच सांगते.

चार वर्षांपूर्वी मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं. उजव्या डोळ्याला लहानपणापासून कमी दिसतं, त्यामुळे दुचाकी कधी चालवली नाही. पुण्यात हे सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, जणू मी काही आजार सांगितला! एके काळी हे सायकलींचं शहर होतं. मग लूना आली, स्कूटी आली, आणि या गाड्यांनी पुण्यातल्या मुलींना खूप काही दिलं हे मी नाकारत नाही. पण पुढे शहर वाढलं ते प्रत्येकीकडे गाडी असणारच असं धरून. धुणीभांडी करणाऱ्या बाया, म्हाताऱ्या, शाळकरी मुली आणि माझ्यासारख्या, आम्ही त्या हिशेबातच नाही.

पहिलं घर एजंटने दाखवलं. "एकट्या लेडीजसाठी एकदम सेफ, मॅडम." महामार्गाच्या पलीकडे नवं संकुल. मोठं फाटक, दोन वॉचमन, कॅमेरे, बाग. रविवारी सकाळी अकरा वाजता भावाच्या मोटारीतून जाऊन आम्ही ते पाहिलं आणि अनामत देऊन मोकळे झालो. चूक झाली ती इथेच. मी तिथे रविवारी सकाळी मोटारीतून कधीच जाणार नव्हते. मी जाणार होते रोज रात्री साडेनऊला, बसमधून उतरून.

बस स्टॉपपासून फाटकापर्यंत चौदा मिनिटं. एका बाजूला बांधकामाचं पत्र्याचं कुंपण, दुसऱ्या बाजूला मोकळा प्लॉट, कुत्री आणि भरधाव डंपर. फूटपाथ नाही. दिव्याचे खांब होते, तीनांपैकी एक पेटायचा. दुकान एकही नाही. संकुलाची सुरक्षितता फाटकापासून आत सुरू होत होती आणि बस मला त्याच्या पाव तास आधी सोडत होती.

तिथे मला काही झालं नाही, हे मुद्दाम सांगते. कुणी हात लावला नाही, कुणी बोललं नाही. फक्त मी हळूहळू बाहेर पडणं सोडलं. इथल्या बैठका सोडल्या, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मार्चअखेरच्या हिशेबाला थांबलं तर जादा पैसे मिळतात, ते सोडले. एका मैत्रिणीच्या आईच्या तेराव्याला गेले नाही, कारण परत यायला उशीर झाला असता. हे कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदवायचं?

मग सवयीने वहीत मांडलं. पेठेपेक्षा भाडं महिन्याला तीन हजारांनी कमी होतं. रिक्षाला मात्र महिन्याला सरासरी साडेतीन हजार जात होते, कारण पलीकडे यायला रिक्षावाला दीडपट मागायचा. म्हणजे स्वस्त घर मला पाचशे रुपयांनी महाग पडत होतं आणि वर माझ्या संध्याकाळी गेल्या होत्या.

अकरा महिने भरल्यावर मी ठरवलं, आता एजंटची वेळ नको, माझी वेळ. दुकान सुटल्यावर बसने किंवा चालत जायचं, स्टॉपवर उतरायचं आणि दारापर्यंतचा रस्ता आधी पाहायचा, खोली नंतर. असे सात रस्ते पाहिले. घड्याळ लावून पाऊण तास उभी राहायचे आणि एकट्या चालणाऱ्या बायका मोजायचे. एका "शांत, डिसेंट" कॉलनीत पाऊण तासात तीन. नारायण पेठेत पत्र्या मारुतीपाशी तिसावी बाई गेल्यावर मोजणं थांबवलं. त्यात एक आजी होत्या, हातात दुधाची पिशवी, घाई अजिबात नाही. म्हातारी बाई रात्री सावकाश चालत असेल तर तो रस्ता बरा समजावा, असं माझं मत झालं आहे.

त्या रस्त्यावर उशिरापर्यंत काय उघडं आहे तेही पाहा. औषधांचं दुकान, इस्त्रीवाला, किराणा. आमच्या पेठांत तर अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षांची गावोगावची मुलंमुली तिथे उशिरापर्यंत बसतात, मग त्यांच्यासाठी चहाच्या टपऱ्या, खाणावळी, झेरॉक्सवाले. अकरा वाजताही रस्ता जागा असतो. शेवटची बस किती वाजता, हे फलकावर वाचू नका, कंडक्टरला विचारा. "आहे, पण येत नाही" हे तोच सांगतो. मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंत पोचली, चांगलंच झालं. पण स्टेशनपासून दारापर्यंत चालायचंच असतं, तेवढा रस्ता तरी पाहून घ्या.

आणि आपण पुरुषांना भितो तेवढं वाहनांनाही भ्यायला हवं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की फूटपाथवर निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मी टेप घेऊन मोजत नाही. पिशवी घेऊन न उतरता किती पावलं चालता येतं, ते पाहते. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पादचारी दिन केला, एक दिवस रस्ता चालणाऱ्यांचा. आम्ही दुकानातल्या बायका मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चाललो!

जेन जेकब्स नावाच्या बाईंनी १९६१ साली अमेरिकन शहरांवर पुस्तक लिहिलं. त्या न्यूयॉर्कमध्ये राहत. रस्ता सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावरचे डोळे, दुकानदारांचे, खिडकीतल्या बायकांचे, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतं. पण आपल्याकडे हे डोळे राखण करतात तशी पाळतही ठेवतात. माझ्या घरमालकीणबाई पहिले दोन महिने जिन्यात उभ्या असायच्या. "आज उशीर झाला? कोण आलं होतं?" एकदा मीच चहाला बोलावलं आणि म्हटलं, "काकू, मला काही झालं तर तुम्ही धावून यावं ही माझी इच्छा आहे. पण मी कुठे गेले हे मी सांगेन तेवढंच." त्या रागावल्या. आठवडाभर बोलल्या नाहीत. आता दिवा लावून ठेवतात. फडके, खान आणि रानडे यांनी मुंबईवर "व्हाय लॉयटर?" हे पुस्तक लिहिलं, २०११ मध्ये. त्यात म्हटलं आहे की बाईला रस्त्यावर असायला नेहमी काहीतरी काम दाखवावं लागतं. मला अजून जमत नाही. नुसतं उभं राहायचं झालं तरी मी हातात भाजीची पिशवी धरते.

गर्दीचा रस्ता म्हणजे कवच नव्हे. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत, भर सकाळी, एका तरुणीवर ओळखीच्या मुलाने कोयत्याने हल्ला केला. रस्ता गजबजलेलाच होता. पण धावून येणारी परीक्षेची तयारी करणारी मुलंही त्याच रस्त्यावर होती, त्यांनी तिला वाचवलं. उलट २००७ साली याच पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर, तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. तिच्यासाठी तर दारात गाडी आली होती.

आता एक अडचणीची गोष्ट. मला पेठेत एक खोली परवडली, ती दोन जिने चढून आणि गणपतीचे दहा दिवस कानात कापूस घालून. आमच्या इमारतीत काम करणारी ताई पर्वतीच्या जनता वसाहतीतून चालत येते, तिला निवड कुठे होती? एजंट "चांगली वस्ती" म्हणतो तेव्हा पुष्कळदा तिथे तिच्यासारखे लोक दिसत नाहीत एवढाच त्याचा अर्थ असतो. ती मला म्हणाली, "आमच्या गल्लीत रात्री बारालाही कुणी ना कुणी ओट्यावर असतं, भीती वाटते ती मधल्या रस्त्यावर." ही भीती घर बदलून जाणारी नाही. त्या मधल्या रस्त्याच्या दिव्यांसाठी आपण क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला आहे, त्यावर आणखी सह्या हव्या आहेत.

कराराचं थोडक्यात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. "नऊनंतर दार बंद", "पाहुणे नकोत" हे तोंडी सांगतात, ते कागदावर लिहायला सांगा. बऱ्याच जणांना लिहायची लाज वाटते आणि अट गळून पडते.

आपल्यातल्या एकीची मुलगी परिचारिका आहे. तिची दुपारपाळी रात्री नऊला सुटते. कोथरूडमध्ये तिच्यासाठी दोन खोल्या निघाल्या आहेत. एजंट शनिवारी दुपारी चारला दाखवतो म्हणाला, आम्ही नको म्हटलं. बुधवारी रात्री साडेनऊला कर्वे पुतळ्याच्या स्टॉपवर जमायचं आहे. ज्यांना जमेल त्यांनी या, चालायच्या चपला घालून. छत्री आणा, तिथे आडोसा नाही.