पाव फुगविणारा जीव आणि आपला शिक्षणनिधी
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



विद्येस द्रव्याची जोड कशी द्यावी, या विषयावर चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली आहे. हा विषय मोघम बोलून सुटणारा नाही. म्हणून आम्ही एकच उदाहरण घेतो, पेशींतील कॅल्शियमच्या संशोधनाचे. आणि त्यावरून आपल्या शिक्षणनिधीने काय करावे, हे सुचवितो.

कॅल्शियम आपणांस अपरिचित नाही. पानाच्या चुन्यात ते आहे, कुंथलगिरीच्या पेढ्यात आहे, हाडांत व दातांत तर आहेच. परंतु हाडे बळकट करणे एवढेच त्याचे कार्य नव्हे. १८८३ साली लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांनी दाखविले की, बेडकाचे काढून ठेवलेले हृदय भोवतालच्या द्रावणात कॅल्शियम असेल तरच नीट आकुंचन पावत राहते. पुढे असे कळून आले की, पेशी आपल्या अंतरंगातील मोकळे कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजार पट कमी राखते. संदेश आला की पडद्यातील दारे क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत शिरते, आणि तेवढ्यावरून स्नायू आखडतो वा ग्रंथी पाझरू लागते. काम होताच पंपासारखी प्रथिने ते बाहेर टाकतात किंवा पेशीतल्या कोठारांत भरून ठेवतात. दवंडी ऐकू यावयाची तर गावात आधी शांतता हवी, तसाच हा प्रकार आहे.

पाव फुगविणारे यीस्ट हा एका पेशीचा जीव. पण त्याच्यातही हीच व्यवस्था आहे. ते स्वस्तात वाढते, दोन तासांच्या आत दुप्पट होते; आणि १९९६ साली त्याची सुमारे ६,००० जनुके वाचून झाली. त्यापूर्वीच, १९८९ साली, यीस्टमधील पीएमआर-१ नावाच्या एका जनुकाचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. ते जनुक कॅल्शियमचा एक पंप घडविते. अकरा वर्षांनी, २००० साली, त्वचेवर वारंवार फोड उठविणाऱ्या हेली-हेली या आनुवंशिक रोगाचे मूळ या पंपाच्या मानवी भावंडातील बिघाडात सापडले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ राजिनी राव यांनी यीस्टमधील या पंपाचा दीर्घ अभ्यास केला. आणि २०१० साली त्यांच्या प्रयोगशाळेने त्याच कुळातील एका पंपाचा स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींशी असलेला संबंध दाखविला.

आता विचार करा. १९८९ साली कोणी विचारले असते, “या पंपाचा उपयोग काय?” तर रोग्याच्या उपयोगाचे उत्तर कोणापाशी होते? उत्तर नसतानाही कोणी तरी पैसा दिला, म्हणून उत्तर मिळाले.

आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी खर्च करतो. २०२३ साली कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापण्याचे ठरले. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभारण्याचा संकल्प झाला, आणि त्यांतील मोठा भाग सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा ठेवण्यात आली. म्हणजे समाजाने आपला वाटा उचलावयाचा आहे. ही रीत आपणांस नवी नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. आणि १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले.

आपला धाराशिव जिल्हा अवर्षणाचा. येथे पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. परंतु अशा संशोधनाची वाट पुढे बहुधा पुण्यास किंवा बंगळुरास जाते. राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये ठरले आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही आपापल्या समाजघटकांतील संशोधकांस वृत्ती देतात. मग आपण काय द्यावयाचे? परीक्षेच्या तयारीचे वर्ष, मुलाखतीचा प्रवास, प्रवेश मिळाल्यापासून पहिला हप्ता हाती पडेपर्यंतचे महिने, या फटींतच गरिबाचे मूल गळते. संशोधनास पाच-सहा वर्षे लागतात, आणि घरी दर दिवाळीस विचारणा होते, “अजून शिकतोच आहेस का?” खरीप बुडालेल्या घरातील हा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही.

आपल्या निधीने आजवर डॉक्टर व इंजिनिअर घडविले, हे भूषणास्पदच आहे. आता आणखी एक पाऊल टाकावे. दरवर्षी एका होतकरू मुलास वा मुलीस परीक्षेच्या वर्षासाठी वृत्ती द्यावी. वृत्तीचा पहिला हप्ता येईपर्यंत बिनव्याजी उसनवार द्यावी. आणि संशोधन लगेच उपयोगी पडावे अशी अट घालू नये. वर्षातून एकदा याच व्यासपीठावरून त्याने किंवा तिने आपले काम सोप्या मराठीत सांगावे, एवढीच अट असावी.

हा ठराव कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावा आणि देणगीदारांनी त्यास हातभार लावावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.