नाहूमचे दुकान

श्रोतेहो, एखाद्या शहराची स्तुती करावयाची तर माणसे त्या शहरातील देवळांची, पुलांची किंवा तेथे जन्मलेल्या थोर पुरुषांची करतात. कोलकात्यापुरते बोलावयाचे तर हावड्याचा पूल, दक्षिणेश्वर आणि जोडासांकोचा ठाकुरवाडा ही नावे ठरलेलीच आहेत. त्यांच्याविषयी अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ सांगितले आहे. आज मी मात्र एका दुकानाची स्तुती करणार आहे. तेथे संगीत नाही, गालिचे नाहीत, पाहुण्याला बसवून आर्जवाने खाऊ घालण्याचा थाट नाही. काउंटरापाशी उभे राहावे, बोट दाखवावे, पैसे द्यावे आणि कागदी खोका घेऊन बाहेर पडावे, एवढाच तेथला विधी. तरीही कोलकात्यास गेलेल्या माणसाने कोठे जावे असे मला कोणी विचारले, तर मी त्याला प्रथम याच दुकानाचा पत्ता सांगतो. हे दुकान म्हणजे न्यू मार्केटमधील ‘नाहूम अँड सन्स’. कोलकात्यातील यहुदी लोकांची बेकरी.

न्यू मार्केट हे नाव ऐकून आपली फसगत होऊ देऊ नये. हा बाजार 1 जानेवारी 1874 रोजी उघडला. म्हणजे त्याच्या नावातील नवेपणास दीडशे वर्षे उलटून गेली आहेत. इंग्रज रहिवाशांस एतद्देशीयांच्या गर्दीत भाजीपाला खरेदी करणे नकोसे वाटे, म्हणून त्यांच्या सोयीसाठी कलकत्ता नगरपालिकेने तो बांधविला. पुढे 1903 साली, ज्यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला त्या सर स्टुअर्ट हॉग यांचे नाव त्याला दिले गेले. पण लोकांच्या तोंडी राहिले ते न्यू मार्केटच. 1985 साली लागलेल्या मोठ्या आगीत या बाजाराचा एक भाग जळाला. ज्यांना दूर ठेवण्यासाठी हा बाजार बांधला, ते लोक आज तेथे मालकाच्या ऐटीने वावरतात. फुलवाले, कापडवाले, सुक्या मेव्याचे व्यापारी आणि हाती टोपली घेऊन मागोमाग येणारे हमाल यांच्या कोलाहलातून वाट काढीत गेले, की भाजलेल्या लोण्याचा आणि साखरेचा वास येऊ लागतो. तो वास हाच नाहूमच्या दुकानाचा फलक.

आपल्या महाराष्ट्रातील श्रोत्यांना यहुदी समाज अपरिचित नाही. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ आपल्या ओळखीचे आहेत. हे बेने इस्राएल लोक मराठी बोलतात, आणि अलिबागेस आजही इस्राएल आळी आहे. कोलकात्याचे यहुदी मात्र निराळे. ते बगदादी. मुंबईचा ससून डॉक, पुण्याचे ससून रुग्णालय आणि पुणेकर ज्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात ते प्रार्थनामंदिर ज्या ससून घराण्यामुळे उभे राहिले, त्याच मंडळींची ही पूर्वेकडील शाखा समजावी. बगदाद, बसरा, अलेप्पो अशा शहरांतून ते आले. अलेप्पोचे शालोम कोहेन हे सुरतेवरून 1798 साली कलकत्त्यास पोहोचले आणि तेथून या वस्तीचा आरंभ झाला. नीळ, रेशीम आणि, सांगितलेच पाहिजे, अफू यांच्या व्यापारात काही घराणी अतिशय श्रीमंत झाली. एझ्रा घराण्याचे नाव शहरातील एका रस्त्याला आहे. 1856 साली बेथ एल आणि 1884 साली मागेन डेव्हिड ही भव्य प्रार्थनामंदिरे उभी राहिली. मागेन डेव्हिडला उंच मनोरा आणि घड्याळ असल्यामुळे वाटसरू त्याला चर्च समजून पुढे जातो.

नाहूम इस्राएल मोर्देकाय हे या धनिकांपैकी नव्हते. बगदादहून आलेल्या या गृहस्थांनी 1902 साली पाव, केक आणि चीज यांचा व्यवसाय सुरू केला तो दारोदार फिरून. चौदा वर्षांनी, 1916 साली, त्यांनी न्यू मार्केटमध्ये गाळा घेतला. दुकान आजही तेथेच आहे. जुन्या लाकडी कपाटांच्या काचांमागे माल मांडलेला असतो. पुष्कळ वर्षे नाहूम यांचे नातू डेव्हिड गल्ल्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारीत. ते 2013 साली वारले. ते गेले तेव्हा आता हे दुकान राहते की जाते, अशी काळजी पुष्कळांना वाटली. दुकान राहिले. कोलकात्यातील दुसऱ्या कोणत्या व्यापाऱ्याच्या मृत्यूने एवढ्या अनोळखी लोकांना आपल्याच घरचे माणूस गेल्यासारखे वाटले असेल, असे मला वाटत नाही.

आता पदार्थांकडे वळू. पहिला मान सुक्या मेव्याने गच्च भरलेल्या फ्रूट केकचा. तो जड असतो, काळसर असतो आणि सुरी घातली की मेव्यासह घट्ट चकती निघते. लिंबाच्या टार्टमध्ये आंबटपणा पुरेसा असतो. आजकालच्या मिठाईत तो दुर्मिळ होत चालला आहे. पण केक आणि टार्ट इंग्रजांच्या चालीचे झाले. ज्याला या दुकानाचा मूळ गाव कोणता हे जिभेने ओळखावयाचे असेल, त्याने चीजचा समोसा मागावा. बगदादी घरांत याला ‘सांबुसक’ म्हणतात. आपला समोसा आणि हा सांबुसक यांचे आडनाव एकच. फारसीतील जुन्या शब्दापासून दोघेही निघाले. घरोघरी तो अर्धचंद्राकृती करीत, आणि तसा तो पाहिला तर मराठी माणसाला दिवाळीतील करंजीच आठवावी. फरक इतकाच की आत नारळ आणि साखर यांच्या जागी खारट चीज असते. याशिवाय तीन पदरी वेणी घातल्यासारखा एक पाव असतो, त्याला ‘खाल्ला’ म्हणतात. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो, तेव्हा यहुदी घरात आशीर्वाद उच्चारून तो तोडावयाचा असतो.

शब्बाथचे नाव निघाले म्हणून थोडे घरच्या स्वयंपाकाविषयी सांगतो. त्या दिवशी चूल पेटवावयाची नाही, आणि मांस व दूध एकत्र करावयाचे नाही, असे यहुदी धर्माचे नियम आहेत. या दोन नियमांनी कलकत्त्याच्या बगदादी गृहिणींना मोठी कल्पकता शिकविली. रश्शाला दाटपणा आणावयास दही चालत नाही, तर त्यांनी नारळाचे दूध घातले. मांसाबरोबर तूप चालत नाही, तर सारे तेलावर केले. तांदूळ आणि कोंबडी शुक्रवारी निखाऱ्यावर ठेवून रात्रभर शिजू देत, तो ‘हमीन’. आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे ‘आलू मकल्ला’. अख्खे बटाटे सोलून, किंचित उकडून, भरपूर तेलात मंद आचेवर फार वेळ तळावयाचे; बाहेरून कवच कडक झाले पाहिजे आणि आतून लोणी. ‘आलू’ हिंदुस्थानी आणि ‘मकल्ला’ म्हणजे अरबीत तळलेले. एका पदार्थाच्या नावातच दोन देश नांदत आहेत. हा स्वयंपाक करणारे आचारी बहुधा मुसलमान असत. डुक्कर वर्ज्य असण्यात दोन्ही धर्मांचे एकमत असल्यामुळे यजमान आणि आचारी यांचे चांगले जमे.

हे सारे घरांत होते, आणि घरे गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी, ब्रह्मदेशातून पळून आलेले निर्वासित धरून, कलकत्त्यात यहुद्यांची संख्या चार-पाच हजारांच्या घरात होती. त्यानंतर 1946 ची दंगल, 1947 ची फाळणी आणि 1948 साली इस्राएलची स्थापना. कोणी लंडन गाठले, कोणी ऑस्ट्रेलिया, कोणी कॅनडा, कोणी इस्राएल. त्यांना कोणी हाकलले नव्हते, आणि हिंदुस्थानात यहुदी म्हणून त्यांचा छळ झाला नाही, हे ते स्वतः आवर्जून सांगतात. परंतु व्यापाराचे दिवस पालटले, मुलांची लग्ने जुळेनात, एक कुटुंब गेले म्हणून दुसरे गेले. आज तेथे काही थोडी वृद्ध माणसे उरली आहेत.

यहुदी धर्माप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. कोलकात्याची प्रार्थनामंदिरे अतिशय सुंदर आहेत. 2017 साली ती दुरुस्त होऊन पुन्हा झळकू लागली. तेथील झुंबरे पुसणारे आणि दारे उघडणारे सेवक पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान आहेत, आणि ते काम निष्ठेने करतात. सारे आहे, फक्त दहा माणसे जमत नाहीत. तेथून मैल-दोन मैलांवर न्यू मार्केटात, बंगाली लोक ज्याला ‘बडदिन’ म्हणतात त्या नाताळच्या सुमारास, नाहूमच्या दारापुढे रांग इतकी लांबते की तिचे शेपूट कोणत्या गल्लीत आहे ते शोधावे लागते. त्या रांगेत बहुतेक लोक हिंदू असतात. ते ख्रिस्ती सणाचा केक यहुद्याच्या दुकानातून विकत घेतात, आणि तो भाजणारे कारागीर प्रामुख्याने मुसलमान असतात. हे वाक्य उच्चारणे फार सोपे आहे, आणि टाळी घेण्यासाठी ते पुष्कळदा उच्चारले जाते. म्हणून त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे.

काहींना वाटते की दुकान चालले आहे, तेव्हा समाजही एका अर्थी जिवंतच आहे. मला हे सांत्वन फार स्वस्त वाटते. केकची रांग कितीही लांब असली तरी तिच्यातून प्रार्थनेची दहा माणसे उभी राहत नाहीत. शुक्रवारचा वेणीचा पाव विकत घेऊन चहाबरोबर खाणाऱ्याला त्यावरचा आशीर्वाद ठाऊक नसतो. जे गेले ते गेलेच. पण जे राहिले ते का राहिले, हाही प्रश्न आहेच. संपत्तीने राहावयाचे तर एझ्रांच्या हवेल्या भरलेल्या दिसल्या असत्या. राहिले ते रोजच्या उपयोगाचे दुकान. प्रार्थनामंदिर फक्त आपल्या माणसांसाठी असते. त्यात काही वावगे नाही. दुकान मात्र रस्त्यावरच्या प्रत्येकासाठी उघडे असते. नाहूम यांनी आपल्या आईच्या हातचा सांबुसक ओळखपाळख नसलेल्या बंगाली माणसाला विकला, आणि त्याने तो आपल्या मुलांच्या तोंडी घातला. मालक गेले तरी त्या मुलांची नातवंडे अजून तो मागायला येतात. शेजाऱ्याने एखादी चव आपली मानली, की तिला तगण्यासाठी मूळ कुटुंबाची संख्या पुरावी लागत नाही.

याचे प्रत्यंतर दूर इस्राएलातही मिळते, आणि त्यात आपलाही वाटा आहे. तेल अवीवला लागून रामत गान नावाचे उपनगर आहे. इराकमधून गेलेले यहुदी तेथे मोठ्या संख्येने राहिले. शब्बाथच्या सकाळी चूल पेटवता येत नाही म्हणून आदल्या दिवशी तळलेली वांगी आणि उकडलेली अंडी पावात घालून खाण्याची त्यांची रीत होती. 1961 च्या सुमारास एका इराकी यहुद्याने रामत गानमध्ये छोटे दुकान मांडून ती न्याहारी विकावयास सुरुवात केली. आज ‘सबीह’ या नावाने ती सगळ्या देशभर खातात. त्या पावावर एक पिवळेजर्द, आंबट, मेथीचा वास येणारे लोणचे ओततात. बगदादी व्यापाऱ्यांनी ते मुंबईहून बगदादला नेले आणि त्यांच्या वंशजांनी बगदादहून इस्राएलला नेले, असे सांगतात. त्याचे तेथील नाव आहे ‘अंबा’. श्रोतेहो, हा आपलाच आंबा. ज्यांनी कोकण कधी नकाशातही पाहिले नाही, ते रामत गानच्या फुटपाथवर उभे राहून दुकानदाराला आपल्या बोलीतील शब्दाने सांगतात, की थोडा अधिक घाल.

म्हणून नाहूमच्या दुकानाची स्तुती करताना मला मनातून थोडी लाजही वाटते. कोलकात्याने आपल्या यहुदी शेजाऱ्यांची निदान एक चव सांभाळली. आपण कोकणातील बेने इस्राएलांचे काय सांभाळले? गोड पोहे, नारळ आणि फळे यांचा ‘मलिदा’ ते एलियाहू प्रेषिताच्या नावाने करतात. तो आपल्यापैकी किती जणांनी चाखला आहे? ते इस्राएलात गेले आणि तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढून त्यांनी आपली भाषा सांभाळली. आपल्याकडून त्यांच्या ताटातले काही सांभाळले गेल्याचे दिसत नाही.

तेव्हा कोलकात्यास गेलात तर नाहूमच्या दुकानात जरूर जा. ते प्रेक्षणीय स्थळ आहे असे समजून मात्र जाऊ नका. ते गिऱ्हाइकाच्या पैशावर चालते. तेथली जुनी कपाटे पाहून हळहळणारा माणूस दुकानाला उपयोगाचा नाही. अर्धा डझन समोसे घेणारा उपयोगाचा आहे. शक्य तर नाताळच्या गर्दीत जाऊ नका. एखाद्या साध्या, पावसाळी, शुक्रवारच्या दुपारी जा. केक तर घ्याच, पण वेणीचा पाव शिल्लक आहे का तेही विचारा. असला तर घरी नेऊन मिठाला लावून चार माणसांत वाटून खा, कारण यहुदी घरात तो असाच खातात.