आकाशातील जीव आणि शब्दांची जबाबदारी



कै. गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ लामत्याला होणाऱ्या या व्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने हवेतील सूक्ष्मजीवांचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. पण शोध लागणे आणि तो योग्य शब्दांत सांगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी गोष्ट भाषेच्या माणसाच्याही अधिकारातली आहे.

हवा रिकामी नसते, हे लुई पाश्चर यांनी १८६० साली दाखविले. उकळून निर्जंतुक केलेल्या द्रवाच्या बंद कुप्या त्यांनी निरनिराळ्या उंचीवर उघडून पुन्हा बंद केल्या. आर्ब्वा गावाजवळ वीसपैकी आठ कुप्या नासल्या. आल्प्समधील हिमनदीपाशी वीसपैकी एकच. उंचावर हवा निर्मळ होत जाते, हे उघड झाले. मग त्याहून कितीतरी उंच काय असेल?

या प्रश्नामागे कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर उभे राहिले. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचे मत असे, की जीवसृष्टीची बीजे धूमकेतूंबरोबर बाहेरून येत असावीत. मत कितीही मोहक असले, तरी त्याची परीक्षा झाली पाहिजे. २००१ च्या जानेवारीत आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून इस्रोच्या साहाय्याने महाकाय फुगे सोडण्यात आले. दुसऱ्या उड्डाणात ४५९ किलोग्रॅमचे उपकरण होते. त्यात पोलादाच्या सोळा निर्वात, निर्जंतुक नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. त्या पराकोटीच्या थंडीने, उघडलेल्या नळीत बाहेरची विरळ हवा ओढली जाऊन गोठत असे. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरचे नमुने हवाई छत्रीने खाली आले. हैदराबादच्या सीसीएमबीत डॉ. एस. शिवाजी यांनी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांनी सारख्याच पद्धतीने, पण स्वतंत्रपणे त्यांची तपासणी केली.

बारा जीवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती मिळाल्या. पुढची पायरी जनुकीय विश्लेषणाची. प्रत्येक जीवाणूत सुमारे १५०० अक्षरांचा एक जनुकक्रम असतो, १६एस नावाचा. पाठचिकित्सा करणारा अभ्यासक जशा पोथ्या शेजारी ठेवून पाठभेदांवरून त्यांचे घराणे ठरवितो, तसेच येथे होते. नऊ जीवाणूंचा क्रम पृथ्वीवरील ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळला. तीन मात्र नवे ठरले. नजीकच्या नातलगांपेक्षा ते अतिनील किरणांना अधिक तोंड देणारे होते. त्यांना हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे देण्यात आली. २००९ च्या मार्चमध्ये ही घोषणा झाली.

आता शब्दांकडे वळू. ‘नवी जात’ म्हणजे ‘परग्रहावरची जात’ नव्हे. जनुकक्रम नाते सांगतो, गाव सांगत नाही. हे जीव खालून वर गेले की वरून खाली आले, हे त्या १५०० अक्षरांत लिहिलेले नसते. आर्यभटाचे नाव लाभलेला जीवाणू पुढे पृथ्वीवर वनस्पतींच्या मुळांभोवतीच्या मातीतही आढळला. इस्रोच्या निवेदनातही स्पष्ट म्हटले होते, की या अभ्यासाने पृथ्वीबाह्य उगम निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढील शोधास मात्र उत्तेजन मिळते.

हे वाक्य मला मोलाचे वाटते. ज्या संशोधकाने ही कल्पना आयुष्यभर गांभीर्याने घेतली, त्याच्याच प्रयोगाचा शेवट एवढ्या संयमाने व्हावा, यात विज्ञानाचे शील आहे. नळी निर्जंतुक करणे जितके आवश्यक, तितकेच वाक्य आपल्या इच्छेच्या संसर्गापासून जपणे आवश्यक. नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या आणि त्यांत कल्पनेला मोकळे रान दिले; प्रयोगशाळेत मात्र तिला पुराव्याच्या दाराशी थांबविले. २० मे २०२५ रोजी ते गेले. प्रश्न अजून मोकळा आहे.

विद्यार्थिमित्रहो, वैनगंगेच्या या खोऱ्यात तुमच्यापैकी अनेकांच्या घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी असते. दोन्हींत ‘कदाचित’ आणि ‘निश्चित’ यांतला फरक नेमका सांगता आला, तर गुरुजींचे ऋण काही अंशी फिटेल.