चैत्रातले हिम
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपण उत्तर भारतात राहतो. तरी आपल्या मुलांना वसंत भेटतो तो मराठी पाठ्यपुस्तकातला, आम्रमोहर आणि कोकिळेसह. हिमालयातला वसंत निराळा. काही वर्षांपूर्वी नववीच्या सहलीत तो आम्ही पाहिला.

मनालीहून केलाँगला निघालो तेव्हा देवदारांवर ऊन होते. पूर्वी या वाटेवर ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे आणि हिवाळ्यात लाहौल कित्येक महिने तुटलेले असे. २०२० साली ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. त्यात शिरलो चैत्रात, बाहेर पडलो पौषात! समोरची चंद्रा नदीही दिसेना. चालकाने चाकांना साखळ्या चढवल्या. भय ताज्या हिमाचे तितके नसते, त्याखाली गोठलेल्या पारदर्शक थराचे असते. त्यावर ब्रेक दाबला की बस स्वतःच्या मर्जीने चालू लागते. सिस्सू गाव तसे जवळच, पण तेथवर दोन तास लागले.

पुढे केलाँगला खोल्या ठरलेल्या होत्या. मागे बोगदा होता, पण त्याच्या तोंडाजवळच्या उतारांवरून हिमकडे कोसळतात. “मॅडमजी, अब यहीं रुकना ठीक है,” चालक म्हणाला. आम्ही थांबलो. फोन लागत नव्हते. ती रात्र जागून काढलेले काही आईवडील आज या सभागृहात आहेत; त्यांना मी निराळे काय सांगणार?

एका लाहौली गृहिणीने आम्हाला घरात घेतले. तिकडे लाकडाच्या लोखंडी शेगडीला ‘तंदूर’ म्हणतात. मुले त्याभोवती दाटीने बसली. एकीने विचारले, “हे संकट कधी टळेल?” बाई हसल्या. संकट कसले, हिम पडले म्हणून तर वाटाणा आणि बटाटा पिकणार, असे त्यांचे म्हणणे. पीरपंजालच्या पलीकडे मोसमी पाऊस फारसा पोहोचत नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात आणि वसंतातही हिम आणतात. तेच वितळून ‘कूल’ नावाच्या पाटांनी शेतात उतरते. वर्गात हा भाग दोन गुणांच्या टिपेपुरता उरतो, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रांनी रस्ता मोकळा केला. बोगद्यातला रस्ता कोरडा, म्हणून चालकाने तोंडाशीच साखळ्या उतरवल्या. पलीकडे येताच सगळे फोन एकदम वाजू लागले. माझ्या मागच्या आसनावरची मुलगी आईला सांगत होती, “अगं, उशीर झाला खरा, पण त्यांच्या वाटाण्याला पाणी मिळालं!”