पहिली सभा तहकूब का होते?



अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची काळजी व्यक्त करावी, शासनाकडे चार मागण्या कराव्यात आणि खाली बसावे, असा आपल्या संमेलनांचा रिवाज पडला आहे. तो मी आज मोडणार आहे. मला मागायचे आहे ते तुमच्याकडे, आणि भांडायचे आहे ते एका समजुतीशी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, म्हणजे आपली झाडीपट्टी म्हटली की बाहेरच्यांना मागासलेपण आठवते. आपल्यातले शिकलेले लोकही आता तसेच बोलू लागले आहेत, याचे मला अधिक दुःख होते. एखादी योजना येईल, कुणी खासदार गाव दत्तक घेईल, एखादी कंपनी निधी देईल आणि मग गाव उभे राहील, ही ती समजूत. माझे म्हणणे याच्या उलट आहे. आपल्या पैशाबद्दल आणि आपल्या जंगल-जमिनीबद्दल एकत्र बसून ठरवायची सवय असेल तर छोटे गाव उभे राहते, आणि शेजारच्या गावांशी नाते ठेवले तर ते टिकते. ही सवय आपल्या भागात आजही जिवंत आहे. तिला किंमत देत नाही ते आपण.

पुरावा दूर शोधायला नको. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावचे मेळे, सुरू होतात आणि होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम चालतो. गावातले नाट्यमंडळ नाटक कंपन्या असलेल्या वडशाला जाऊन एखाद्या कंपनीशी बोलणी करते, बयाणा देते, तारीख पक्की करते. मंडप, दिवाबत्ती, तिकीटविक्री, पाहुण्यांची सोय, सगळे गाव करते. प्रयोग पडला तर तोटा गावाचा आणि चार पैसे उरले तर तेही गावाचे. मराठी साहित्याचे सर्वांत मोठे संमेलन सरकारच्या कोट्यवधींच्या अनुदानावर उभे राहते. इकडे एखाद्या लहानशा गावातले शेतकरी धान विकून आलेल्या पैशातून रात्रभराचे नाटक उभे करतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा महाराष्ट्राला ही रंगभूमी नव्याने कळली, पण तिला जगवले ते या मंडळांनी. या नाटकांत सवंग नाचगाणी घुसली आहेत, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो पुष्कळसा खरा आहे. पण कंपनी कोणती बोलवायची आणि नाटक कोणते लावायचे हे मंडळच ठरवते. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला तो सुधारताही येतो. शिवाय मंडईचे काम नाटकापुरते नसते. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, पुण्या-नागपुरात कामाला गेलेली पोरे घरी परततात. तरुण गाव सोडून जातात म्हणून गाव मेले, असे म्हणणाऱ्यांनी मंडईची रात्र पाहावी.

नाटकाचा हिशेब ठेवणे वेगळे आणि गाव चालवणे वेगळे, असे कुणी म्हणेल. त्याला मी धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाकडे बोट दाखवीन. लेखा गावाजवळचे मेंढा हे सुमारे शंभर घरांचे गोंडांचे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद मिळून काम भागले नाही. कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलेले असतानाही वनखाते त्याला झाडच मानत राहिले आणि वाहतुकीचा परवाना देईना. गावाने बांबू तोडायचा, पण तो हलवायचा मात्र नाही, अशी ही कोंडी. गाव कायद्यावर बोट ठेवून बसले. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हवाली झाले. हे एका दिवसात घडलेले नाही. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे हे गाव बसून बोलायला शिकत होते. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एका घराचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत जातो. आणि निर्णयाच्या आधी अभ्यासगट बसतो, त्यात कायदा वाचला जातो, माहिती गोळा होते, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारले जातात.

यावर ठरलेला आक्षेप असा, की मेंढ्याला देवाजी तोफा मिळाले, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा अभ्यासू सोबती मिळाला. प्रत्येक गावाला असा माणूस कुठून आणायचा? या दोघांचे मोल कमी करायचे नाही. पण त्यांनी काय केले ते नीट पाहा. मोहनभाऊंनी गावाला योजना आणून दिली नाही, अभ्यासाची पद्धत लावून दिली. देवाजींनी गावाच्या वतीने ठरवले नाही, गावाला ठरवायला बसवले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या त्यांच्या प्रसिद्ध घोषणेत 'मी' कुठेच नाही. गावाला तारणारा एक पुरुष हवा, हा समज आपल्या कथा-कादंबऱ्यांनीही पोसला आहे, आणि लेखक म्हणून त्याची जबाबदारी आपण घेतली पाहिजे. गावात नेतृत्व म्हणजे सभा भरवणे, ती चालू ठेवणे आणि गप्प बसलेल्याला बोलते करणे. हे काम अंगणवाडी सेविका करू शकते, शाळा सोडलेला मुलगाही करू शकतो.

दुसरा आक्षेप फार गंभीर आहे, आणि तो बाबासाहेबांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी गावाच्या गौरवीकरणावर कडाडून हल्ला केला. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर म्हणजे गाव, असे त्यांचे निदान होते. ते चुकीचे होते असे म्हणण्याची माझी तयारी नाही. मेंढ्यासारख्या एका समाजाच्या गावात सहमती साधणे एक गोष्ट, आणि जिथे जमीन एका जातीकडे व मजुरी दुसरीकडे आहे तिथे ती साधणे दुसरी. तिथे सहमतीच्या नावाखाली दुबळ्याचे तोंड दाबले जाऊ शकते. पण याचा निष्कर्ष काय काढायचा? गावाकडून सत्ता काढून घ्यायची, की गावातल्या मूठभरांकडून काढून ती सगळ्यांच्या सभेकडे द्यायची? आज ती मूठभरांकडेच आहे, आणि त्यांच्या सोयीची एक पळवाट कायद्यातच आहे. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतली कमी असेल ती संख्या. तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. कितीतरी गावांचे इतिवृत्त उघडले की एका पानावर 'कोरमअभावी तहकूब' आणि पुढच्या पानावर लाखोंचे ठराव मंजूर. मजुराचा रोज बुडेल अशा वेळी सभा ठेवायची, टोल्यावर दवंडी पोचूच द्यायची नाही, मग लोक येत नाहीत म्हणून ओरडायचे. वनहक्काच्या ग्रामसभेला मात्र निम्मी उपस्थिती आणि त्यात एक-तृतीयांश स्त्रिया लागतात. ही अट पाळली जाते तिथे सभेचा सूर बदलतो. बाबासाहेबांच्या टीकेला गावाने द्यायचे उत्तर हेच आहे, की कोण हजर होते आणि कोण बोलले हे आधी तपासायचे, ठराव नंतर वाचायचा.

एकटे गाव मात्र कधीच टिकत नाही. मेंढ्यात सागवान वापरून घोटुल, म्हणजे गोंड तरुणांचे एकत्र जमण्या-शिकण्याचे घर, उभारले तेव्हा वनखात्याने ते मोडले. त्यावर आसपासच्या गावांनी आपापल्या गावी घोटुल उभे केले, आणि खात्याला माघार घ्यावी लागली. कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा स्थापन केली आहे. तेंदूपानाचा लिलाव एका गावाने केला तर ठेकेदार भाव पाडतो. अनेक गावे एकत्र बसली की त्याला भाव बोलावा लागतो. मुंबईला निवेदने पाठवण्यात आपण जेवढी शक्ती घालवतो, तिच्या निम्मी जरी शेजारच्या तालुक्याशी बोलण्यात घातली तरी पुष्कळ साधेल.

म्हणून या मंडपातल्या प्रत्येक लिहित्या माणसाकडे माझे मागणे आहे. आपल्या गावच्या ग्रामसभेचे इतिवृत्त लिहायला पुढे या. ते दोन ओळींच्या सरकारी साच्यात लिहू नका. कोण काय म्हणाले, कोणी विरोध केला, कोणाचे ऐकले गेले नाही, ते सगळे झाडीबोलीत, गोंडीत, लोक बोलतात तसे लिहा आणि पुढच्या सभेच्या सुरुवातीला मोठ्याने वाचा. जो गावातल्या बाईचे बोलणे नाटकात हुबेहूब उतरवतो, त्याला तिचे सभेतले बोलणे नोंदवता येणार नाही असे कोण म्हणेल? २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. नाट्यमंडळांनी त्या दिवशी यंदाच्या मंडईचा जमाखर्च पैन् पै सभेपुढे ठेवावा, आणि तो ठेवून झाला की त्याच बैठकीत ग्रामपंचायतीचा मागावा.