अर्धशिशी : वेदनेतील मनाचा आणि समाजाचा वाटा



अर्धशिशी हे नाव मराठी घरांस जुने आहे. आयुर्वेद या विकारास ‘अर्धावभेदक’ म्हणतो, आधुनिक वैद्यक ‘मायग्रेन’. ठसठसणारे डोके, मळमळ, उजेड व आवाज असह्य होणे ही त्याची प्रमुख लक्षणे. उपचाराविना एक झटका ४ ते ७२ तास टिकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो. तपासण्यांत मात्र बहुधा काहीच निघत नाही, आणि तेथूनच रुग्णाचे दुसरे दुखणे सुरू होते. ‘हे सारे मनाचे खेळ,’ असा निवाडा घरात होऊन जातो.

वेदनेत मनाचा वाटा असतो, हे शास्त्रासही मान्य आहे. मेंदूकडून खाली येणारे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट कमी-अधिक मोकळी करतात, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडला. त्याचे तपशील पुढे बदलले. मूळ विचार टिकला.

बोस्टनमधील संशोधकांचा ६६ मायग्रेन-रुग्णांवरील प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. खरे औषध ‘पोकळ गोळी’ म्हणून दिले, तसेच पोकळ गोळी ‘औषध’ म्हणून दिली. दोहोंचा गुण जवळजवळ सारखा आला. परंतु पाकिटावरील नाव एकच ठेवले, तेव्हा खरे औषध पोकळ गोळीहून सरसच ठरले. याचा अर्थ असा की, अपेक्षेने वेदना कमी-जास्त होते. पण व्याधी खरीच असते. ‘मनाचा वाटा’ आणि ‘मनाचे खेळ’ यांत हे अंतर आहे.

समाजाचा वाटाही तितकाच खरा आहे. झटक्याच्या आरंभी घेतलेले औषध अधिक गुणकारी ठरते. ‘पुन्हा हिचे डोके दुखू लागले’ हे शब्द टाळण्यासाठी सून मुकाट्याने स्वयंपाक उरकते आणि औषधाची ती वेळ निघून जाते. कचेरीत काम अडू नये म्हणून कारकून रोज साधी वेदनाशामक गोळी घेतो. महिन्यातून १५ वा अधिक दिवस, असे महिनोन् महिने चालले, तर त्या गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते. पुढच्या झटक्याच्या भयाने लग्नकार्ये व प्रवास सुटतात, आणि एकटेपणाने वेदना अधिकच जाचते.

म्हणूनच औषधांबरोबर नियमित झोप, वेळेवर जेवण, शिथिलीकरण आणि विचारांची घडण बदलणारे मानसोपचार यांनाही उपचारात स्थान मिळाले आहे. घराकडे राहते ते काम सोपे आहे : खोलीत अंधार करावा, आवाज थांबवावेत, हातातले काम काढून घ्यावे आणि पुरावा न मागता विश्वास ठेवावा. त्या विश्वासाने व्याधी नाहीशी होणार नाही. पण ती लपविण्याचे कष्ट वाचतील, आणि औषध वेळेवर पोटात जाईल.