सात रविवार, पाच टेकड्या

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त हैदराबाद येथे २१ एप्रिल २०२४ रोजी झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी आजच्या वक्त्यांची यादी मला पाठवली, तेव्हा माझ्या नावापुढे ‘यश’ असा शब्द होता. तो खोडावा अशी विनंती मी केली. इतर वक्ते जे करून आले आहेत त्याविषयी बोलतील. मी ज्याविषयी बोलणार आहे ते अजून घडायचे आहे. आजपासून बरोबर सात रविवारांनी, ९ जूनला, दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरातून पहाटे साडेपाचला एक शर्यत सुटेल. आपल्याकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतील. सुमारे ८६ किलोमीटर अंतर डोंगराळ रस्त्याने बारा तासांत पार करून पीटरमारित्झबर्गला पोहोचायचे आहे. या शर्यतीचे नाव कॉम्रेड्स मॅरेथॉन. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, परदेशात आणि एवढ्या अंतराला, मी पहिल्यांदाच उभी राहणार आहे. पोहोचेन की नाही, ठाऊक नाही. तयारी कशी चालली आहे आणि तीत मी कोणती घोडचूक केली, एवढे मात्र सांगू शकते.

प्रथम शर्यतीविषयी थोडे. व्हिक क्लॅफॅम हा रेल्वेचा इंजिनचालक. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या रणभूमीवर तो सैनिक म्हणून लढला होता. मेलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे न करता शरीराच्या सहनशक्तीचे करावे, असे त्याच्या मनात आले. माजी सैनिकांच्या संघटनेने त्याला बरीच वर्षे दाद दिली नाही. शेवटी एक पौंड उसना दिला आणि २४ मे १९२१ रोजी पहिली शर्यत झाली. चौतीस जण धावले, सोळा पोहोचले. दुसऱ्या महायुद्धाची आणि करोनाची वर्षे वगळता ती आजतागायत चालू आहे. एका वर्षी समुद्राकडून डोंगराकडे, दुसऱ्या वर्षी डोंगराकडून समुद्राकडे, अशी तिची दिशा सहसा आलटून पालटून असते. यंदा चढाचे वर्ष आहे.

या शर्यतीच्या इतिहासातील एक गोष्ट मी वाचली आणि मला आपली शाळा आठवली. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाईने प्रवेशिका भरली. ती नाकारण्यात आली. तरी ती धावली, साडेअकरा तासांच्या थोडे पुढे पोहोचली. पदक मिळाले नाही. धावपटूंनी आणि प्रेक्षकांनी मिळून तिला चांदीचा चहाचा संच भेट दिला. १९३५ साली रॉबर्ट म्तशाली हा कृष्णवर्णीय धावपटू असाच नोंदीबाहेर धावला. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७५ साली. दहा तासांच्या आत येणाऱ्यांना जे पदक मिळते, त्याला आता म्तशालीचे नाव आहे.

आपल्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात १९८४ साली मुलींची सर्वांत लांब शर्यत होती दोनशे मीटरची. मुलांची दीड हजार. मी आठवीत होते. याचा दोष मी शाळेला देत नाही. ऑलिंपिकमध्येसुद्धा स्त्रियांची मॅरेथॉन त्याच वर्षी पहिल्यांदा झाली, तेव्हा काचीगुड्याजवळच्या एका मराठी शाळेने जगाच्या पुढे जावे अशी अपेक्षा कशी करणार! मी खेळाच्या सरांकडे गेले. सर म्हणाले, “यादीत नाव घालता येणार नाही. पण मैदान शाळेचं आहे, तुला पळायला कोण अडवतंय?” मैदानाच्या साडेसात फेऱ्या मी मुलांच्या मागून, गणवेशाच्या स्कर्टमध्ये पूर्ण केल्या. शेवटून पहिली आले. सरांनी माझी वेळ हजेरीच्या वहीतून फाडलेल्या चिठोऱ्यावर लिहून दिली होती. ते चिठोरे कधीच हरवले. सर मात्र आज समोरच्या रांगेत बसले आहेत.

त्यानंतर सव्वीस वर्षे मी धावले नाही. नोकरी, संसार, बदल्या. ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. चाळिशीत टँकबंडवर चालायला लागले, चालण्याचे धावणे झाले, हैदराबादची मॅरेथॉन झाली, साताऱ्याच्या घाटातली अर्धमॅरेथॉन झाली. कॉम्रेड्सला पात्र ठरण्यासाठी पूर्ण मॅरेथॉन चार तास पन्नास मिनिटांच्या आत धावावी लागते. या जानेवारीत मुंबईला मी ती चार तास अडतीस मिनिटांत पूर्ण केली.

आता हिशेब पाहा. मुंबईत मी किलोमीटरला सुमारे साडेसहा मिनिटे घेतली. कॉम्रेड्सचे बारा तास ८६ किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला आठ मिनिटे वीस सेकंद मिळतात. कागदावर हे सोपे दिसते आणि कागदावर पाहणारे तिथेच फसतात. कारण मध्ये पाच नामांकित टेकड्या आहेत: काउइज, फील्ड्स, बोथाज, इंचांगा आणि शेवटी, सुमारे आठ किलोमीटर उरलेले असताना, पॉली शॉर्ट्स. बिननावाच्या टेकड्यांची तर गणतीच नाही. समुद्रसपाटीवरून निघून रस्ता आठशे मीटरच्या उंचीपर्यंत जातो. पण मधले उतार पुन्हा चढावे लागत असल्यामुळे एकूण चढण दीड हजार मीटरहून अधिक भरते. मुंबईचा पेडर रोड ज्यांनी मॅरेथॉनच्या उत्तरार्धात चढला आहे, त्यांनी त्याची कल्पना करून पाहावी आणि मग ती अपुरी आहे असे समजावे.

चढाची तयारी हैदराबादेत करता येते, ही आपल्या खडकाळ गावाची कृपा. बंजारा हिल्स आणि जुबिली हिल्सचे रस्ते पहाटे चारला रिकामे असतात. महिन्यातून एकदा आम्ही पाच-सहा जण विकाराबादजवळच्या अनंतगिरीला जातो. जिथे मुसी नदी उगम पावते, त्या घाटात वरखाली करतो. चढावर धावण्याचा हट्ट धरायचा नाही, हे शिकायला मला दोन महिने लागले. रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजायचे: दोन खांब धावायचे, एक खांब चालायचे. हे पहिल्या टेकडीपासूनच, पायांत भरपूर जोर असतानाच करायचे. जोर संपल्यावर चालणे म्हणजे नियोजन नव्हे, शरणागती.

उताराचे शास्त्र मात्र मला नवे होते. चढ दमवतो, पण मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार तोलून धरतो आणि त्या ताणात त्याचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागते ते त्यामुळे. हीच इजा थोडी थोडी, अंतर ठेवून होत राहिली तर स्नायू तिला सरावतो. म्हणून चढाच्या वर्षीही उतारावर धावायला शिकावे लागते. लहान पावले, पाय शरीराच्या खाली, टाचेने ब्रेक मारायचा नाही.

शनिवारी तीस किलोमीटर आणि रविवारी पुन्हा वीस, असा जोडसराव आम्ही करतो. थकलेल्या पायांना उठून पुन्हा निघण्याची सवय लागावी म्हणून. खाण्याचाही सराव असतो. बारा तास पोटाला गोड जेलवर ठेवता येत नाही. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, केळे, राजगिऱ्याची वडी आणि चिंचगुळाच्या गोळ्या एवढे माझ्या पोटाने मान्य केले आहे. बेसनाचा लाडू त्याने बावीसाव्या किलोमीटरला परत केला, त्याचे तपशील सांगत नाही. शर्यतीत पाणी पेल्यात मिळत नाही, लहान प्लास्टिकच्या पिशवीत मिळते. ती धावता धावता दाताने फोडायची. मी घरी पाण्याच्या पिशव्यांचे पोते आणून सराव केला. स्वयंपाकघर धुऊन निघाले, पण जमले.

आता ती चूक. पालक इथे आहेत, त्यांची मुले हल्ली खेळतात, धावतात, म्हणून हे लपवीत नाही.

३ मार्चच्या रविवारी पंचेचाळीस किलोमीटरचा सराव होता. आदल्या आठवड्यापासून डावा गुडघा दुखत होता. मी कोणालाही न सांगता निघण्यापूर्वी एक वेदनाशामक गोळी घेतली आणि तिसाव्या किलोमीटरला दुसरी. उन्हाळा सुरू झालेला, उशिरा निघालेलो, सोबतचे पाणी संपलेले. गुडघा दुखायचा थांबला याचाच मला आनंद. संध्याकाळी लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला. मुलीने पाहिले आणि तशीच दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. दीर्घ श्रमात स्नायूंची मोडतोड होते, त्यातले द्रव्य रक्तावाटे मूत्रपिंडाकडे येते. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो. तो टिकवून धरण्याची जी व्यवस्था शरीरात असते, नेमकी तीच या गोळ्या बंद करतात. तीन दिवस सलाइन, मग घरी विश्रांती. क्रिएटिनिन दहा दिवसांत पूर्ववत झाले. माझे नशीब, सर्वांचे होतेच असे नाही.

मग मी घाबरून दुसऱ्या टोकाला जाऊन भरपूर पाणी प्यायचे ठरवले, तर डॉक्टरांनी तेही अडवले. अति पाण्याने रक्तातले सोडियम उतरते, मेंदूला सूज येते. दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर टिम नोक्स यांनी अशा लांब शर्यतींतले रुग्ण पाहून १९८५ साली हे पहिल्यांदा मांडले. तेव्हा तहान लागली की प्यायचे, हा आजीचा नियमच अखेर हाती राहिला.

तीन आठवडे धावणे बंद होते. सोळा आठवड्यांच्या तयारीतले तीन आठवडे म्हणजे किती, हे परीक्षेच्या तोंडावर आजारी पडलेल्या विद्यार्थ्याला विचारावे. बुडालेला सराव भरून काढायचा नसतो, सोडून द्यायचा असतो, हे मी मनावर दगड ठेवून पाळले. २४ मार्चला पुन्हा सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर. येत्या रविवारी पन्नास आहेत. त्यानंतर एकच मोठा सराव, मग शेवटचे तीन आठवडे कमी कमी करत आणायचे. डॉक्टरांनी एका अटीवर परवानगी दिली आहे: गोळी नाही, एकही नाही. पिशवीतले औषधांचे पाकीट मुलीने काढून घेतले आहे.

माझ्याहून ती जास्त घाबरली, हे मला उशिरा कळले. “तुला पदक हवंय, मला आई हवी आहे,” एवढेच ती एकदा बोलली आणि नंतर महिनाभर हा विषय तिने काढला नाही. मी प्रवेशिका मागे घ्यायला निघाले होते. तिनेच थांबवले आणि बरोबर येते म्हणाली.

जाण्याची इतर तयारी सर्वांची असते तशीच: व्हिसाचे कागद, आफ्रिकेतल्या ज्या देशामार्गे विमान जाते तिथल्या पीतज्वराच्या लशीचा नियम, जून असूनही तिकडे हिवाळा असल्यामुळे पहाटेसाठी टाकून देता येईल असा जुना स्वेटर. सूर्य तिथे पावणेसातला उगवतो आणि पाचला मावळतो. म्हणजे अंधारात निघायचे आणि माझ्यासारखीने अंधारातच पोहोचायचे. दुसऱ्या दिवशी चालता आले तर पीटरमारित्झबर्गच्या रेल्वे स्थानकावर जायचे आहे. ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना तिथे डब्यातून उतरवले गेले. तेही डर्बनहूनच निघाले होते, आमच्याच दिशेने.

बारा तास पूर्ण होताच तिथे एक पंच धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ एवढ्यासाठी, की दोन पावलांवर कोण आहे हे दिसले तर हात कचरेल. मागे राहिलेल्याची नोंद होत नाही. मग तो ८६ किलोमीटर आला असला तरीही. या बंदुकीचे चित्रण मी अनेकदा पाहिले आहे. मुलीने एकदाच पाहिले आणि उठून गेली.

म्हणून आम्ही दोघींनी एक करार केला आहे. जवळजवळ निम्म्या वाटेवर, बोथाज टेकडीचा उतार संपतो आणि इंचांगाचा चढ सुरू होतो तिथे, ड्रमंड नावाचे गाव आहे. ती तिथे उभी राहील. मी पावणेसहा तासांत तिथे आले, नीट बोलले, आपले नाव, वार आणि आपल्या शाळेचा पत्ता न अडखळता सांगितला, तर पुढे जायचे. ती नाही म्हणाली तर थांबायचे. वाद घालायचा नाही. हे मी तिला वहीच्या कागदावर लिहून सही करून दिले आहे. साक्षीदाराची जागा मोकळी होती. सर, आपण आलाच आहात, तर कार्यक्रमानंतर तेवढी सही करून द्यावी.